आपणच आपली परीक्षा घेतांना

हल्लीं शाळा-कॉलेजांतून विद्यार्थ्यांकडून एक नव्या प्रकारचा निबंध लिहून घेण्याची चाल पडत चालली आहे. ‘माझे गुण कोणते, माझे दोष कोणते, आणि येत्या वर्षांत मी स्वतःमध्यें कोणती सुधारणा करणार’ असा या निबंधाचा विषय असतो. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें तर प्रगतिपुस्तकांत शिक्षकांच्या अभिप्रायाबरोबर विद्यार्थ्यानें स्वतःचें केलेलें मूल्यमापन आणि सोबत्यांनीं केलेलें मूल्यमापन यांसहि स्थान असावें, असें स्पष्ट सांगितलें आहे. पुढें नोकरीच्या मुलाखतींतहि उमेदवारास हाच प्रश्न विचारतात. कल्पना चांगली आहे, यांत शंका नाहीं. परंतु असे कांहीं भरलेले कागद आमच्या पाहण्यांत आले, आणि ते वाचून आम्हांस हंसावें कीं खेद करावा हें समजेना. एकाचा कागद काढावा आणि दुसऱ्याच्या नांवावर ठेवावा, तरी कोणास फरक कळूं नये! गुणांच्या रकान्यांत ‘मेहनती, प्रामाणिक, वक्तशीर’. आणि दोषांच्या रकान्यांत ‘मी जरुरीपेक्षां जास्त श्रम करतों’, ‘मला कोणतेंहि काम अपुरें ठेववत नाहीं.’ मुलीच्या बापानें वराकडील मंडळींस ‘मुलगी जरा जास्तच कामसू आहे, एवढाच काय तो दोष’ असें सांगावें, त्यांतलाच हा प्रकार! दोष म्हणून जो सांगावयाचा तोहि शालजोडींत गुंडाळून.

अशा स्थितींत एका विद्यार्थिनीचें पत्र आमच्या हातीं आलें, आणि या विषयाकडे थट्टेनें पाहणें योग्य नव्हे, असें आम्हांस वाटलें. ही मुलगी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत शिकत आहे. दहावीपर्यंत वर्गांत पहिली, बारावीसहि उत्तम गुण, घरांत व नातलगांत ‘आपली हुशार मुलगी’ अशी ख्याति. पहिल्या वर्षीं मात्र मेकॅनिक्स या विषयांत ती नापास झाली. विद्यार्थ्यांच्या भाषेंत तिला ‘केटी’ लागली. पुढें कॉलेजांत वर सांगितलेला कागद तिच्या पुढ्यांत आला, आणि तिनेंहि इतरांप्रमाणें तेच तीन शब्द लिहून तो परत केला. परंतु ती लिहिते, “तीं अक्षरें लिहितांना माझा हात थांबला होता. मी नापास झालें, हें घरीं अजून कोणालाच ठाऊक नाहीं. बाबा विचारतात तेव्हां त्या विषयाचा निकाल अजून लागायचा आहे, असें मी सांगतें. लहानपणापासून मी हुशार आहें असें सगळे म्हणत आले. मग आतां मी हुशार नाहीं कां? आणि हुशार नसेन, तर मग मी आहें तरी काय?”

हा शेवटला प्रश्न सामान्य नाहीं. कॉलेजच्या कागदावरील सर्व रकान्यांपेक्षां तो अधिक खरा आहे. आणि अशीं पुष्कळ मुलें-मुली तो मनांत दाबून बसलीं असतील, म्हणून त्याचा येथें जाहीर विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

स्वतःचें परीक्षण ही गोष्ट आपल्याकडे नवी नव्हे. समर्थांच्या दासबोधाचा दुसरा दशक ज्यांनीं वाचला आहे, त्यांस हें सांगावयास नको. त्या दशकाचा पहिला समास मूर्खलक्षणांचा, दुसरा उत्तम लक्षणांचा, आणि शेवटचा, म्हणजे दहावा, पढतमूर्खाच्या लक्षणांचा आहे. शिकल्यासवरलेल्या माणसांतील दोषांसाठीं समर्थांनीं एक स्वतंत्र समास खर्चीं घालावा, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. तथापि वाचकांचा अनुभव असा असेल कीं, हे समास घरांत मोठ्यानें वाचले जात असतां प्रत्येकास त्यांत कोणाची ना कोणाची आठवण होते. मात्र ती आठवण बहुधा शेजाऱ्याची, मेव्हण्याची अथवा कचेरींतील वरिष्ठाची असते! ज्याच्यासाठीं आरसा धरावा, तो तेवढा आरशाच्या बाजूस उभा राहतो. तेव्हां दोषांची यादी हातीं असणें पुरेसें नाहीं. ती स्वतःस लावून पाहण्याची कांहीं रीत पाहिजे.

अशी रीत बसविण्याचा एक प्रामाणिक प्रयत्न बेंजामिन फ्रँक्लिन (१७०६–१७९०) यानें केला. पुढें हा अमेरिकेचा मोठा मुत्सद्दी आणि विजेच्या शास्त्रांतील संशोधक म्हणून गाजला. परंतु ही हकीकत तो साधा छापखानेवाला होता त्या वेळची आहे. त्यानें आपल्या अंगीं यावेत अशा तेरा गुणांची यादी केली. तींत मिताहार, मितभाषण, व्यवस्थितपणा, काटकसर, उद्योग इत्यादि गुण होते. मग एक लहानशी वही करून प्रत्येक गुणास एक पान दिलें. पानावर आठवड्याच्या सात वारांचे सात उभे रकाने आणि तेरा गुणांच्या तेरा आडव्या ओळी. रात्रीं दिवसाचा आढावा घ्यावयाचा, आणि ज्या गुणाच्या बाबतींत चूक झाली असेल तेथें काळा ठिपका द्यावयाचा. मुख्य लक्ष मात्र एका आठवड्यांत एकाच गुणाकडे. अशा रीतीनें तेरा आठवड्यांत एक आवर्तन आणि वर्षांत चार आवर्तनें पुरीं होत. पहिले ठिपके खरवडून त्याच पानांवर नवे ठिपके दिल्यामुळें वहीच्या कागदास भोकें पडलीं. तेव्हां त्यानें हस्तिदंताच्या पातळ पानांची वही वापरावयास घेतली, म्हणजे ओल्या स्पंजनें जुने ठिपके पुसून टाकतां येत.

या हकीकतींत आमच्या विद्यार्थ्यांनीं घेण्यासारख्या तीन गोष्टी आहेत. पहिली ही कीं, ‘मी मेहनती आहें’ असा गोळाबेरीज शेरा त्या वहींत कोठेंच नाहीं. अमुक वारीं अमुक बाबतींत काय घडलें, एवढेंच आहे. दुसरी ही कीं, आपल्या कल्पनेपेक्षां आपले दोष कितीतरी अधिक निघाले, असें त्यानें स्वतःच लिहून ठेविलें आहे. आणि व्यवस्थितपणा हा गुण तर आपणांस शेवटपर्यंत साधला नाहीं, हेंहि त्यानें लपविलें नाहीं. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. फ्रँक्लिनची मूळची यादी तेरांची नव्हे, बारांचीच होती. क्वेकर पंथाच्या एका स्नेह्यानें त्यास मायेनें सांगितलें कीं, लोक तुला गर्विष्ठ समजतात. वादांत आपलें म्हणणें बरोबर ठरलें तरी तुझें समाधान होत नाहीं, दुसऱ्यास खालीं पाहावयास लावावें असें तुला वाटतें. दाखल्यादाखल त्यानें कित्येक प्रसंगहि सांगितले. तेव्हां नम्रता हा तेरावा गुण यादींत आला. एवढा चिकित्सक मनुष्य, रोज रात्रीं स्वतःचा हिशेब लिहिणारा; पण त्याचा एक ठळक दोष दुसऱ्यानें दाखवून द्यावा लागला!

असें कां व्हावें, याचा मानसशास्त्रज्ञांनीं अलीकडे बराच शोध केला आहे. १९९९ सालीं कॉर्नेल विद्यापीठांतील क्रूगर व डनिंग या दोघां संशोधकांनीं विद्यार्थ्यांच्या तर्क, व्याकरण इत्यादि विषयांत परीक्षा घेतल्या आणि ‘शंभरांत तुमचा क्रम कितवा लागेल’ असें त्यांनाच विचारलें. जे सर्वांत खालच्या चौथ्या हिश्शांत आले, ते सरासरीनें खालून बाराव्या पायरीवर होते. परंतु स्वतःस ते बासष्टाव्या पायरीवर समजत होते. उलट जे अगदीं वरच्या हिश्शांत होते, त्यांनीं आपणांस वास्तविकापेक्षां थोडें कमीच लेखिलें. या अंतरांतील कांहीं भाग केवळ आंकडेशास्त्राच्या स्वरूपामुळें दिसतो, असा आक्षेप पुढें घेण्यांत आला आहे, आणि तो विचार करण्याजोगा आहे. तथापि त्या संशोधकांनीं सुचविलेलें कारण व्यवहारांत पदोपदीं पटतें. ज्यास शुद्धलेखन येत नाहीं, त्यास आपण अशुद्ध लिहिलें आहे हेंहि दिसत नाहीं. कारण चूक ओळखण्यास जें ज्ञान लागतें, तेंच त्याच्याजवळ नसतें. अशा मनुष्यास ‘तुझ्या उणिवा लिही’ म्हणून सांगितलें, तर त्यानें शुद्धलेखन सोडून बाकी सर्व लिहावें, यांत नवल काय?

अभ्यासाच्या बाबतींत तर आपलें मन आपणांस उघड उघड फसवितें. २००६ सालीं रोडिगर व कार्पिक यांनीं केलेला एक प्रयोग प्रत्येक विद्यार्थ्यानें ऐकून ठेवावा. विद्यार्थ्यांच्या एका गटानें एक उतारा चार वेळां वाचला. दुसऱ्या गटानें तो एकदांच वाचून पुढील तीन वेळां, न पाहतां, आठवेल तेवढा लिहून काढला. पांच मिनिटांनीं परीक्षा घेतली तेव्हां पुनः पुनः वाचणारे पुढें होते. एका आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांस मजकुराचा शेंकडा ४० भाग आठवला, आणि आठवून लिहिणाऱ्यांस शेंकडा ६१. परंतु गंमत अशी कीं, ‘आपल्या हें चांगलें लक्षांत राहील’ असा भरंवसा अधिक होता तो नुसतें वाचणाऱ्यांना! ओळखीची अक्षरें पुनः डोळ्यांखालून गेलीं म्हणजे आपणांस येत आहे असें वाटतें. आणि पुस्तक मिटून आठवूं लागलें म्हणजे अडखळल्यामुळें आपणांस येत नाहीं असें वाटतें. वास्तविक प्रकार उलटा असतो. आपल्या पाठशाळांतून घेतलेली संथा गुरूसमोर पोथीवांचून म्हणून दाखविण्याची जी रीत होती, तींतील शहाणपण आतां प्रयोगानें सिद्ध झालें आहे, असें म्हणण्यास हरकत नाहीं. या सर्वांचें तात्पर्य एवढेंच कीं, ‘मला वाटतें’ हा आत्मपरीक्षणाचा पुरावा नव्हे. पुरावा बाहेर शोधावा लागतो: तपासून आलेल्या उत्तरपत्रिकेंत, मित्राच्या स्पष्टोक्तींत, आणि आपण प्रत्यक्ष केलेल्या कामांत.

पुराव्यावरून स्वतःचें माप कसें घ्यावें, याचा आमच्या माहितींतील उत्तम नमुना चार्लस डार्विन (१८०९–१८८२) याचा आहे. विद्यार्थिदशेंत याच्याविषयीं कोणीहि मोठी आशा बाळगिली नव्हती. १८२५ सालीं त्यास वैद्यकीसाठीं एडिंबरोस पाठविलें. परंतु त्या काळीं भुलीचें औषध नसे, आणि एका लहान मुलावरील शस्त्रक्रिया पाहून तो तेथून जो पळाला तो पुनः त्या दालनांत गेला नाहीं. मग केंब्रिज. तेथें गणिताचा प्रयत्न केला, तोहि नेटानें चालला नाहीं. असा हा विद्यार्थी १८३१ सालीं ‘बीगल’ जहाजावर चढला, आणि पुढें त्यानें जीवशास्त्राची दिशाच बदलली. १८७६ सालीं लिहिलेल्या आत्मचरित्राच्या शेवटीं त्यानें आपल्या बुद्धीचा जो जमाखर्च मांडला आहे, तो अंतर्मुख करणारा आहे. चटकन् आकलन करण्याची शक्ति आपणांस नाहीं. स्मरणशक्ति विस्तृत आहे पण धूसर. केवळ अमूर्त विचारांची लांब सांखळी आपणांस धरून ठेवतां येत नाहीं, असें तो स्पष्ट सांगतो. आणि तितक्याच स्पष्टपणें, विनयाचा देखावा न करतां, हेंहि सांगतो कीं, इतरांच्या नजरेंतून सहज निसटणाऱ्या गोष्टी टिपणें आणि त्यांचें बारकाईनें निरीक्षण करणें यांत आपण सामान्य माणसांपेक्षां वरचढ आहों. शरीरविच्छेदन व चित्रकला हीं वेळीं न शिकल्यानें आपलें कायमचें नुकसान झालें, असेंहि त्यानें नमूद केलें आहे.

डार्विनचा एक नियम तर सोन्याच्या अक्षरांनीं अभ्यासाच्या टेबलावर लिहून ठेवण्यासारखा आहे. आपल्या मताविरुद्ध जाणारी गोष्ट वाचनांत अथवा विचारांत आली, कीं तो ती लागलीच टिपून ठेवी. कारण अनुकूल गोष्टींपेक्षां प्रतिकूल गोष्टी मनांतून लवकर निसटतात, असा त्याचा अनुभव होता. हा नियम त्यानें शास्त्रीय सिद्धांतांसाठीं केला होता. परंतु ‘मी हुशार आहें’ हाहि एक सिद्धांतच नव्हे काय? आणि ‘मी निर्बुद्ध आहें’ हाहि? ज्या मुलानें पहिला सिद्धांत धरिला, तो आपलें अपयश विसरतो किंवा लपवितो. ज्यानें दुसरा धरिला, तो आपलें यश ‘योगायोग’ म्हणून झटकून टाकतो. दोघांनींहि प्रतिकूल पुरावा लिहून ठेवावा, म्हणजे दोन्ही सिद्धांत थोडे थोडे ढिले होतील.

आतां दोष सांपडले म्हणजे त्यांचें करावयाचें काय? सर्वच दोष सारखे मानून त्यांच्यावर एकदम तुटून पडणें, ही नववर्षाच्या संकल्पाची रीत झाली. आणि अशा संकल्पांचें आयुष्य किती असतें, हें वाचकांस सांगावयास नको. आमच्या मतें दोषांची तीन प्रकारांत वांटणी करावी.

कांहीं दोष वेळींच काढून टाकावयाचे असतात. गांधीजींनीं आपल्या आत्मकथेंत वाईट हस्ताक्षराची गोष्ट सांगितली आहे. शिक्षणांत सुंदर अक्षराचें महत्त्व नाहीं, अशी समजूत विद्यार्थिदशेंत त्यांच्या मनांत बसली. पुढें दक्षिण आफ्रिकेंत तेथील वकिलांचीं व तरुणांचीं मोत्यांसारखीं अक्षरें पाहून त्यांस लाज वाटली. सुधारण्याचा प्रयत्नहि केला, पण वेळ निघून गेली होती. हा दोष त्यांच्या स्वभावांत नव्हता. तो केवळ दुर्लक्षानें वाढला होता. अक्षर, शुद्धलेखन, पाढे, वेळेवर उठणें, घेतलेली वस्तु जागेवर ठेवणें, हे सारे या जातीचे विषय होत. येथें आत्मचिंतनाची जरुरी नाहीं. रोज अर्धा तास द्यावा आणि मोकळें व्हावें.

कांहीं दोष मात्र स्वभावाशीं जडलेले असतात. ते उपटूं गेल्यास त्यांबरोबर चांगला अंशहि उपटला जाईल. त्याच गांधीजींचा बुजरेपणा पाहावा. १८८८ पासून १८९१ पर्यंत ते विलायतेंत विद्यार्थी होते. त्या काळांत शाकाहारी मंडळाच्या सभेंत लिहून आणलेलें भाषण वाचणेंहि त्यांस जमेना, तें दुसऱ्यानें वाचावें लागलें. परंतु पुढें या बुजरेपणाबद्दल त्यांनीं समाधानच व्यक्त केलें. कारण त्यामुळें आपण शब्दांचा उपयोग काटकसरीनें करावयास शिकलों, असें ते म्हणतात. आमच्याकडील उदाहरण महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें. मुरूडचा हा किरकोळ अंगाचा, भिडस्त मुलगा परीक्षेसाठीं शंभराहून अधिक मैल पायीं चालून साताऱ्यास गेला, आणि वयानें लहान दिसतो म्हणून परीक्षेस बसूंच दिला गेला नाहीं! वक्तृत्व हा त्यांचा गुण कधींच नव्हता. परंतु १८९६ पासून विधवांच्या आश्रमासाठीं आणि १९१६ पासून महिला विद्यापीठासाठीं याच भिडस्त मनुष्यानें दारोदार वर्गणी मागितली. भीड गेली नाहीं. कार्य तिच्याहून मोठें झालें, एवढेंच. स्वभाव बदलण्याची वाट पाहत ते थांबले असते, तर १०४ वर्षांचें आयुष्यहि त्यांस पुरलें नसतें.

तिसरा प्रकार असा कीं, जेथें उणीव भरून काढण्यासाठीं कांहीं मोल द्यावें लागतें, आणि तें डोळस राहून द्यावयाचें असतें. टिळकांनीं डेक्कन कॉलेजांत गेल्यावर आपली प्रकृति अशक्त आहे हें ओळखून पहिलें वर्ष तालीम, पोहणें आणि खाणेंपिणें यांस दिलें, व त्या वर्षीच्या परीक्षेंत ते मागें पडले. हें मोल त्यांनीं जाणून दिलें, आणि मंडालेच्या सहा वर्षांत त्याची किंमत वसूल झाली असें म्हणावयास हरकत नाहीं. याच्या उलट श्रीनिवास रामानुजन्. गणितापुढें त्यास दुसरें कांहींच सुचेना. त्यामुळें कुंभकोणमच्या कॉलेजांतील त्याची शिष्यवृत्ति गेली, आणि पुढें मद्रासेसहि तो इतर विषयांत नापास झाला. १९१८ सालीं तो रॉयल सोसायटीचा सभासद झाला, हें सर्वांस आठवतें. परंतु मधलीं दारिद्र्याचीं वर्षें कोणी आठवीत नाहीं. एका गुणाच्या जोरावर बाकी सर्व सोडून द्यावें, असें ज्या विद्यार्थ्यास वाटतें, त्यानें हा हिशेबहि पुरा वाचावा.

आतां पत्र लिहिणाऱ्या मुलीस आमचें सांगणें. तुझा प्रश्न ‘मी हुशार आहें कीं नाहीं’ असा आहे. मुली, हा प्रश्नच टाकून दे. त्याचें उत्तर कोणाजवळहि नाहीं, आणि मिळालें तरी त्याचा कांहीं उपयोग नाहीं. ‘वर्गांत पहिली’ हा तुझा गुण नव्हता. तें फळ होतें. त्या फळाच्या मुळाशीं काय होतें, तें शोध. पाठांतर होतें काय? नियमितपणा होता काय? नमुन्याचीं उदाहरणें पुनः पुनः सोडविण्याची चिकाटी होती काय? तीं मुळें अद्यापि तुझ्याजवळ आहेत. फक्त या नव्या विषयास त्यांखेरीज आणखी कांहीं लागत असावें. तें काय, हें कळण्यास पुष्कळ विद्यापीठांतून अर्ज करून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळते, ती मागव. नापास झालेला कागद पुनः उघडून पाहण्यास धैर्य लागतें. पण तुझ्या आत्मपरीक्षणाचें पहिलें पान तेंच आहे. मेकॅनिक्सच्या उदाहरणांत आकडेमोड फार थोडी असते. शब्दांत वर्णिलेल्या यंत्राचा एकच भाग मनानें सुटा करावयाचा, आणि त्यावर बाहेरून येणारीं सर्व बलें बाणांनीं दाखवावयाचीं, हें खरें काम. यालाच ‘फ्री बॉडी डायग्रॅम’ म्हणतात. तेथें एक बाण राहून गेला, कीं पुढील समीकरणें कितीहि शुद्ध असोत, उत्तर चुकतेंच. तुझे गुण आकृतींत गेले कीं समीकरणांत, हें उत्तरपत्रिका पाहिल्यावर पांच मिनिटांत कळेल. मग तुझ्या कागदावर ‘मी गणितांत कच्ची झालें’ असें राहणार नाहीं. ‘वर्णनावरून आकृति काढतांना माझ्याकडून बलें सुटतात’ असें एक ओळीचें, बरें करतां येण्याजोगें दुखणें राहील. रोज पुस्तक मिटून दोन आकृत्या काढल्या, तर त्यावर उपायहि होईल.

परंतु याच्याहि आधीं एक काम आहे, आणि तें तुला ठाऊक आहे. घरीं सांग. आम्ही हें नीतीचा पाठ म्हणून सांगत नाहीं. जोंपर्यंत एक असत्य संभाळावयाचें आहे, तोंपर्यंत मनाची सारी शक्ति त्याच्या राखणींत जाते, आणि स्वतःकडे निवांतपणें पाहतांच येत नाहीं, म्हणून सांगतों. वडिलांसमोर बोलवत नसेल तर आधीं आईस सांग. तिच्यासमोरहि बोलवत नसेल तर आम्हांस लिहिलेंस तसें चार ओळींचें पत्र लिहून ठेव. क्षणभर घरांत वादळ होईल. पण तुझ्या कागदावरील ‘प्रामाणिक’ हा शब्द त्या दिवशीं प्रथमच खरा होईल, आणि तो तुझ्या सर्व गुणांच्या शिरोभागीं शोभेल.

शेवटीं दोन शब्द आईबापांसाठीं. कारण मुलांच्या आत्मपरीक्षणाचे पहिले परीक्षक घरांतच असतात. ‘आमची मोठी हुशार, धाकटा मात्र उडाणटप्पू’ असे शिक्के आपण पाहुण्यांसमोर सहज मारतों. हुशारीचा शिक्का प्रेमानें मारलेला असतो, म्हणून तो निरुपद्रवी असतो असें नव्हे. १९९८ सालीं म्यूलर व ड्वेक या दोन विदुषींनीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें दिसून आलें कीं, ज्या मुलांची ‘तूं हुशार आहेस’ म्हणून स्तुति केली, तीं पुढील कठीण उदाहरणांत अडल्यावर लवकर कच खाऊं लागलीं. ज्यांच्या श्रमाची स्तुति केली, तीं नेटानें टिकून राहिलीं. एवढेंच नव्हे, तर आपले गुण दुसऱ्या मुलांस कळवितांना खोटे वाढवून सांगणारीं मुलेंहि पहिल्या गटांतच अधिक निघालीं. ज्यास शिक्का जपावयाचा असतो, त्यास निकाल लपवावा लागतो. हें आमच्या पत्रलेखिकेच्या आईबापांस कोणी सांगितलें असतें, तर बरें झालें असतें.

म्हणून मुलगा अथवा मुलगी निकाल घेऊन घरीं आली, म्हणजे ‘कितवा नंबर आला’ हा प्रश्न एक वेळ मागें ठेवावा, आणि ‘कोणत्या प्रश्नाशीं अडलें, आणि तेथें काय केलें’ हा प्रश्न आधीं विचारावा. रात्रीं जेवणाच्या वेळीं वडील माणसांनींहि ‘आज कचेरींत माझें हें काम साधलें नाहीं’ असें मोकळेपणानें बोलून दाखवावें. तसें बोलल्यानें मान कमी होत नाहीं, असें मुलांस दिसूं द्यावें. ज्या घरांत अपयश मोठ्या आवाजांत सांगतां येतें, त्या घरांतील मुलांस आपले गुणदोष लिहावयास कोणत्याहि छापील कागदाची वाट पाहावी लागत नाहीं; आणि ज्या घरांत तें पुटपुटतांहि येत नाहीं, तेथें प्रगतिपुस्तकांत कितीहि नवे रकाने वाढविले, तरी तेच तीन शब्द पुनः पुनः लिहिले जातील.